चीजचे परिरक्षण आणि सुगंधी तेले

लवंग, दालचिनी, थाइम, ओरेगॅनो इत्यादी वनस्पतींपासून मिळणाऱ्या सुगंधी (बाष्पनशील) तेलांचा चीज टिकवण्यासाठी नैसर्गिक परिरक्षक म्हणून अभ्यास केला जातो. ही तेले मुख्यतः बाष्प-ऊर्ध्वपातनाने काढतात. प्रयोगशाळेतील द्रव माध्यमात ती अनेक जिवाणूंची वाढ रोखतात. मात्र चीजमधील स्निग्धांशामुळे त्यांचा प्रभाव बराच घटतो.

पार्श्वभूमी

ताज्या, मऊ चीजमध्ये पाण्याचे प्रमाण अधिक व आम्लता कमी असल्याने त्यात जिवाणू सहज वाढतात. त्यांपैकी लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जिवाणू शीतकपाटाच्या तापमानातही वाढू शकतो. गर्भवती, नवजात अर्भके व वृद्ध यांना त्याचा विशेष धोका असतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्यात १९८५ साली मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमधून लिस्टेरियाची साथ उद्भवली. तीत १४२ रुग्ण आढळले व ४८ मृत्यू झाले. त्यांपैकी ३० गर्भ व नवजात अर्भके होती.

चीजमध्ये सॉर्बेट, नायसिन व नॅटामायसिन ही परिरक्षके प्रचलित आहेत. नायसिन जिवाणूंना, तर नॅटामायसिन पृष्ठभागावरील बुरशीला रोखते. कृत्रिम परिरक्षके टाळण्याकडे ग्राहकांचा कल वाढल्याने सुगंधी तेलांवरील संशोधनास चालना मिळाली. चीजमध्ये वनस्पती घालण्याची प्रथा त्याहून जुनी आहे. तुर्कस्तानातील वान प्रांताच्या ‘ओतलू’ चीजमध्ये रानलसणासारख्या वनस्पती, तर नेदरलँड्समधील फ्रीसलंडच्या एका चीजमध्ये लवंगा घालतात.

क्रिया

थाइम व ओरेगॅनोच्या तेलांत थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल, लवंगेच्या तेलात युजेनॉल व दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड हे प्रमुख घटक असतात. थायमॉल ओव्याच्या तेलातही विपुल असते. त्याचे स्फटिक ‘ओव्याचे फूल’ या नावाने ओळखले जातात. थायमॉल व कार्व्हाक्रॉल जिवाणूच्या पेशीपटलातील मेद थरात शिरून ते सच्छिद्र करतात. त्यामुळे पोटॅशियमचे आयन बाहेर झिरपतात, ऊर्जानिर्मिती खंडित होते व पेशी मरते. ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाह्य पटलाचे अधिक संरक्षण असल्याने ते सामान्यतः अधिक प्रतिकार करतात.

चीजमधील मर्यादा

तेलातील सक्रिय घटक मेदविद्राव्य असल्याने ते चीजमधील स्निग्धांशात विरघळतात, तर जिवाणू मुख्यतः पाण्याच्या अंशात वाढतात. प्रथिनेही हे घटक बांधून ठेवतात. परिणामी द्रव माध्यमात पुरणारी मात्रा चीजमध्ये अपुरी पडते.

स्मिथ-पामर, स्ट्यूअर्ट व फाइफ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मऊ चीजमध्ये लवंग, दालचिनी, थाइम व बे या वनस्पतींची तेले तपासली. कमी स्निग्धांशाच्या चीजमध्ये १ टक्का मात्रेत चारही तेलांनी लिस्टेरियाची संख्या मोठ्या प्रमाणात घटवली. पूर्ण स्निग्धांशाच्या चीजमध्ये तेवढी घट केवळ लवंगेच्या तेलाने साधली.

मात्रा वाढवल्यास वास व चव उग्र होते. तसेच विरजणातील उपयुक्त दुग्धाम्ल जिवाणूंची वाढ मंदावल्यास आम्लनिर्मिती व चीज पक्व होण्याची क्रिया बिघडू शकते.

वापराच्या पद्धती

तेल थेट दुधात किंवा दह्याच्या गोळ्यात मिसळण्याऐवजी ते कायटोसान वा अल्जिनेट यांच्या खाद्य लेपातून चीजच्या पृष्ठभागावर लावता येते. सूक्ष्म आवरणात बंदिस्त केलेले तेल हळूहळू मुक्त होते व त्याचा वासही काहीसा झाकला जातो. नायसिन, मीठ, आम्लता किंवा निर्वात आवेष्टन यांच्या जोडीने वापरल्यास कमी मात्रा पुरू शकते.

सुरक्षितता

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत लवंग, दालचिनी व थाइम यांची तेले खाद्यपदार्थांत वापरण्यास सामान्यतः सुरक्षित मानली आहेत. तथापि शुद्ध तेल अत्यंत तीव्र असल्याने त्वचेचा व श्लेष्मल पटलाचा दाह होऊ शकतो. एकाच वनस्पतीच्या तेलाची घटना जात, हवामान व काढणीचा काळ यांनुसार बदलते. त्यामुळे दोन तेलांची समान मात्रा समान परिणाम देईलच असे नाही. या कारणांमुळे सुगंधी तेले दुधाचे पाश्चरीकरण, उत्पादनातील स्वच्छता व शीतसाठवण यांची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांचा उपयोग पूरक उपाय म्हणूनच केला जातो.