गाळलेल्या जागा

लहानपणची बहुतेक गाणी मला दुसऱ्या अंतऱ्यापर्यंतच येतात. शाळा सकाळची. पुणे केंद्रावर भक्तिगीतं चालू असायची आणि सातच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या आत दप्तर पाठीला लावून मला जिना उतरावा लागे. गाणं माडीवर राही, मी बोळात.

गेल्या पावसाळ्यात फोनवर आकाशवाणी लावून चहा गाळत होतो. त्यातलंच एक गाणं लागलं. मी बरोबरीनं गुणगुणत दुसऱ्या अंतऱ्याशी सवयीनं थांबलो. गाणं मात्र थांबेना. त्याला तिसरा अंतरा होता! पस्तीस वर्षं तो तिथं होता आणि मला पत्ताच नव्हता.

आजीला सांगितलं. नव्वदीला टेकलेली आजी म्हणाली, "मग त्यात काय? कपाटातली माझी वही काढ."

ती वही म्हणजे गीतरामायण. १ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार. त्या दिवशी पुणे केंद्रावरून ते सुरू झालं. केंद्र स्वतः जेमतेम दीड वर्षाचं. सीताकांत लाडांची कल्पना, गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत. त्यात अधिक महिना आला आणि बावन्नची छप्पन्न झाली. हे सगळं पुस्तकात मिळतं. साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात ते कसं पोचलं, ते आजीकडेच मिळतं.

वाड्यात रेडिओ एकच, मालकांचा. त्याच्या लायसनचे वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरावे लागत. तेवढ्यात घरात महिन्याचं बरंच काही यायचं. रेडिओ लावला की आधी काच उजळे, मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे गप्प उभे. शुक्रवारी सकाळी मालकीणबाई त्याला हळदकुंकू लावत. बायका सोप्यात दाटीनं बसत. पण नळाला पाणी येण्याची वेळही नेमकी तीच. धार सुरू झाली की निम्म्या जणी उठत.

"आम्ही कशा लिहायचो, माहितीये?" आजी सांगते. "शुक्रवारी कानावर पडेल तेवढं. मधे जागा सोडायची. तेच गाणं शनिवारी परत लागे, तेव्हा जागा भरायच्या. उरलंसुरलं रविवारी." वहीत हे दिसतं. शुक्रवारची शाई निळी, रविवारचे शब्द पेन्सिलीचे, ओळींच्या मधे कोंबलेले. एका पानावर शब्दाऐवजी "बादली" असं लिहिलंय. तिथं कुणाची तरी बादली उलटली होती.

वडिलांच्या धाकट्या काकांची गाणी निराळी. १९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटत गेली. तरुण पोरं सिलोनकडे वळली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींची बिनाका गीतमाला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तरी काकांचा बुधवार सुटला नाही. सिलोन शॉर्टवेव्हवर. त्या लहरी आभाळातल्या थरावर आपटून खाली येतात. थर हलला की आवाज विरतो, पुन्हा उसळतो. काका आजही गाताना मधेच आवाज अगदी बारीक करतात. आम्हाला वाटे, काय नजाकत आहे! एकदा विचारलं तर म्हणाले, "नजाकत कसली? तिथं स्टेशन जायचं."

वही चाळताना एका ठिकाणी थबकलो. दोन पानं वेगळ्या अक्षरात होती, गोल, टपोऱ्या. त्यांच्या आधी नुसता क्रमांक आणि खाली कोरं पान.

"ते मार्गशीर्षातलं," आजी म्हणाली. "तुझ्या बापाच्या वेळचं. मधल्या खोलीत मी अडले होते. वर रेडिओ चालू, मला ऐकू येत होतं. पण लिहिणार कोण? शेजारची सुमन पाणी तापवत होती. पुढचे दोन आठवडे मी सुवेरात, तेव्हा तिनंच लिहून ठेवलं माझ्यासाठी."

"आणि शनिवार-रविवार?"

"तेव्हा कुणाला सुचतंय! पोर रडायचं थांबेना."

पुढे १९५७ साली गीतरामायणाचं पुस्तक निघालं. ते आजीनं घेतलं नाही. वही होती ना.

मी फोनवर ते गीत शोधलं. सबंध मिळालं, एकही शब्द न गाळता, खरखर नाही की बादली नाही. आजी डोळे मिटून ऐकत होती. शेवटच्या कडव्याला तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी असेल; पण ती हसत होती.

"एवढं मोठं होतं होय हे?"

मी पेन काढलं. म्हटलं, सांग, आता उतरवून टाकतो, वही पुरी होईल.

"नको," तिनं वही मिटली. "राहू दे कोरं. तिथं तुझा बाप आहे." मग जरा थांबून म्हणाली, "पुढचं लाव. सुमननं काय काय चुकीचं लिहिलंय ते बघू."