आधी जुलाब, आता बद्धकोष्ठता: वजनाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट

"डॉक्टर, खडा होतो आणि रक्तही पडतं." उचगावच्या माझ्या ओपीडीत वजनाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण हल्ली असे सांगतात.

गंमत म्हणजे या शस्त्रक्रियांची सुरुवात उलट त्रासाने झाली. १९५४ मध्ये अमेरिकेत क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराच भाग वगळण्याची पद्धत मांडली. वजन उतरायचे, पण जुलाब थांबत नसत. काहींचे यकृत निकामी झाले. ती पद्धत मागे पडली. १९६६ मध्ये मेसन आणि इटो यांनी जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडली. आपल्याकडे २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हा विषय घरोघरी पोहोचला.

आता पोटात जागाच कमी. पाणी, भाजी, भाकरी कमी जाते, वर लोहाच्या गोळ्या. मल कडक होतो, गुदद्वाराला चीर पडते. दिवसभर घोट घोट पाणी प्या. रेचक विचारूनच घ्या. अपुऱ्या पाण्यात इसबगोल नको, ते अडकू शकते.

रक्त मात्र 'मूळव्याधच असेल' म्हणून सोडू नका, तपासून घ्या. लोहाने शौचाचा रंग काळपट होतोच. पण डांबरासारखे चिकट शौच आणि चक्कर असेल तर जोडावर अल्सर असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा रुग्णाला माझा पहिला प्रश्न असतो: गुडघेदुखीसाठी कुठली गोळी घेता?