उभ्या ट्रॅक्टर-थ्रेशरमध्ये उंदरांचा संसार. वायरिंग वाचवायची तर हंगाम संपतानाच ही कामे उरका

चंद्रपूर/गडचिरोली : मृगाचा पहिला दमदार पाऊस पडतो, पऱ्हे टाकायची घाई सुरू होते आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर चालू होत नाही. सेल मारला तर नुसती टिकटिक. मिस्त्री येतो, बोनेट उघडतो आणि आत तणस, चिंध्या, धानाची टरफले यांचे गोल घरटे दिसते. बाजूला वायरीचे तांबे उघडे पडलेले. "उंदरानं खाल्ली जी वायर," एवढे बोलून तो खर्चाचा आकडा सांगतो. त्या आठवड्यात मिस्त्रीही मोकळा नसतो आणि भाड्याचा ट्रॅक्टरही मिळत नाही.

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, सावली असो की आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा, चामोर्शी. धानपट्ट्यातल्या गावांत हा प्रकार नवा नाही. इथली यंत्रे वर्षाचे काही आठवडेच पळतात आणि बाकी काळ उभी असतात. थ्रेशर धान मळून झाला की पुढच्या दिवाळीपर्यंत कोपऱ्यात. रोवणी यंत्र ऑगस्टनंतर थेट पुढच्या पावसाळ्यात. धान खरेदी केंद्रावर पोहोचवून झाल्यावर ट्रॅक्टरलाही फारसे काम नसते. बाहेरगावी नोकरीवर असलेल्यांची चारचाकी तर गावच्या घरासमोर महिनोन् महिने झाकून ठेवलेली असते. उंदराला यापेक्षा चांगले घर कुठे मिळणार? अंधार आहे, वारा-पाऊस लागत नाही, मांजराचा पंजा पोहोचत नाही.

उंदीर गाडीत येतो कधी आणि का

धान उभा असतो तोवर शेतातल्या उंदरांचे बरे चाललेले असते. बांधीच्या धुऱ्यात बिळे करून राहणारी लहान घूस धानाच्या लोंब्या तोडून बिळात साठवते, हे बिळे खणणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. कापणी झाली की रान मोकळे होते. मग मुक्काम आधी पुंजण्यात आणि पुंजणे चुरले की घराकडे, कोठ्याकडे. दुसरी लाट पावसाळ्यात येते. बांध्या पाण्याने भरल्या की बिळे बुडतात आणि उंदीर उंच, कोरडी जागा शोधतात. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर आणि जून-जुलै हे दोन काळ जास्त सावध राहण्याचे.

घरातला छोटा उंदीर तर बाराही महिने जवळच असतो. त्याची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात. फेब्रुवारीत गाडीत शिरलेली एक जोडी जूनपर्यंत किती होईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वायरच का कुरतडतो? तिची चव आवडते म्हणून असे अनेकांना वाटते. खरे कारण दातांत आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला काहीतरी कुरतडत राहावेच लागते. वाटेत वायर आली तर वायर, होजपाइप आला तर होजपाइप. सीटचा फोम आणि बोनेटखालचा कापडी थर मात्र तो घरट्यासाठी पळवतो.

आधी खाणे तोडा

उंदीर आवरण्याच्या सगळ्या उपायांत हे सर्वात स्वस्त आहे आणि सर्वात जास्त टाळले जाणारेही हेच. थ्रेशर बंद करताना त्यात धान राहतोच. चाळणीखाली, पंख्याच्या खोक्यात, धान्य वर नेणाऱ्या नळीत मिळून किलो-दोन किलो सहज निघतो. शेवटचा धान मळून झाल्यावर यंत्र दहा-पंधरा मिनिटे रिकामे फिरवावे. मग ते पूर्ण बंद करून, पट्टा काढून, झाकणे उघडून केरसुणीने आणि जमल्यास हवेच्या फवाऱ्याने साफ करावे. पट्टा चढवलेला असताना आत हात घालू नये.

ट्रॉलीत धानाची पोती, कोंडा, ढेप ठेवून वर ताडपत्री बांधायची सवय अनेक घरांत आहे. जागा वाचते हे खरे. पण त्याच ट्रॉलीला जोडून ट्रॅक्टर उभा असेल तर तो उंदराच्या ताटाशेजारी ठेवल्यासारखाच झाला. ढोली, पोती, मोहफुलांचा साठा आणि तणसाचा ढीग यांपासून गाडी जितकी लांब ठेवता येईल तितके बरे. घरातला छोटा उंदीर घरट्यापासून सहसा दहा मीटरच्या आतच फिरतो, त्यामुळे थोडे अंतरही कामाला येते. चारचाकीतले बिस्किटाचे पुडे, प्रसादाचे खोबरे, डिकीतले रिकामे पोते, सीटखाली सांडलेले मुरमुरे, सगळे बाहेर काढावे.

अन्न मिळाले की उंदीर किती वाढतात, याचे देशातले मोठे उदाहरण मिझोरमचे आहे. तिथला एक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलतो. १९५९ च्या सुमारास तो फुलला तेव्हा बांबूच्या बियांवर उंदीर बेसुमार वाढले, बिया संपल्यावर शेतांत उतरले आणि दुष्काळ पडला. २००६ ते २००८ दरम्यान पुन्हा तेच घडले. बांबूच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, पण आपल्या कोठ्यात हाच प्रकार करायला एक सांडलेले पोते पुरते.

मग भोके बंद करा

पेन्सिल हातात घ्या. जिथे पेन्सिल शिरते तिथे छोटा उंदीर शिरतो, कारण त्याला साधारण ६ मिलिमीटरची फट पुरते. मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटर लागते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती मोठ्या भोकांची जाळी म्हणूनच इथे चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची लोखंडी जाळी मागावी.

ट्रॅक्टरमध्ये पाहायच्या मुख्य जागा म्हणजे सायलेन्सरचे तोंड, हवेच्या फिल्टरची वाट, डॅशबोर्डच्या मागचा भाग आणि बॅटरीचे खोके. उभ्या सायलेन्सरवर पत्र्याचा डबा उलटा घालावा, पावसाचे पाणीही जात नाही. फिल्टरच्या तोंडाला जाळी बांधावी. चारचाकीत बोनेटखाली, काचेच्या पायथ्याशी हवा आत घेणारी जागा असते. उंदीर तिथून एसीच्या पंख्यात जातो, म्हणून तिथेही जाळी बसवून घ्यावी. काचा पूर्ण चढवाव्यात आणि एसीची हवा आतल्या आत फिरणाऱ्या बटणावर ठेवावी. वायरी जिथून पत्र्यातून आत जातात तिथले रबर फाटलेले असेल तर नवे टाकावे. बारीक फटीत स्टीलची तारेची घासणी दाबून बसवता येते, पण उघड्या वायरीजवळ नको, कारण तारेतून वीज जाते. कापूस, चिंध्या किंवा फुगणारा फोम कोंबून उपयोग नाही, उंदीर ते एका रात्रीत उकरतो.

जे जे झाकले त्याची यादी कागदावर लिहून स्टीअरिंगला बांधावी. सायलेन्सरवर डबा, फिल्टरवर जाळी असतानाच कुणी सेल मारला तर इंजिनचे नुकसान व्हायचे आणि दोष उंदराला जायचा.

ताडपत्रीबद्दलही थोडे. जमिनीपर्यंत लोंबणारी ताडपत्री म्हणजे उंदरासाठी तंबू. ती जमिनीपासून हातभर वर राहील अशी बांधावी. गाडीभोवती दोन-तीन हात जागा गवत, लाकडे, विटा, भंगार काढून मोकळी ठेवावी आणि तिथे राखेचा पातळ थर पसरावा. सकाळी पावलांचे ठसे दिसले तर पाहुणा आला हे कळते. लेंडीवरूनही ओळख पटते. छोट्या उंदराची तांदळाच्या कणीएवढी, मोठ्याची दीड सेंटिमीटरच्या आसपास. उग्र वासाची, लांब तोंडाची चिचुंद्री दिसली तर तिच्या मागे लागू नये. ती मुख्यतः किडे खाते.

आठवड्यातून एकदा गाडी चालू करून पाच-दहा फूट पुढे-मागे केली तर घरटे जमत नाही. घरात चालवणारा माणूस असेल तर निम्मे काम यातच होते. नसेल तर बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवावी. त्यामुळे बॅटरी टिकते आणि कुरतडलेल्या वायरीतून ठिणगी पडून आग लागायचा धोका उरत नाही. तणसाशेजारी उभ्या गाडीत हा धोका लहान नाही.

तंबाखू, डांबरगोळ्या, आवाजाचे यंत्र

बोनेटखाली तंबाखूच्या पुड्या ठेवणारे गावोगावी आहेत. खर्ऱ्याच्या मुलखात तंबाखूची कमतरता नाही, पण वास उडाला की उंदीर पुड्यांच्या शेजारीच घरटे करतो. डिझेल किंवा रॉकेल शिंपडणे तर टाळाच, रबर खराब होते आणि आगीचा धोका वाढतो. आवाजाने उंदीर पळवणारी यंत्रे मोबाईलवर खूप विकली जातात. अशा यंत्रांच्या दाव्यांना पुरावा काय, असे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्ये ६० हून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना पत्र पाठवून बजावले होते. तिखटाचा अर्क लावलेली वायरची टेप मात्र होंडा कंपनीनेच काढली आहे. ती वायरीपुरती ठीक, फोम आणि फिल्टर उघडेच राहतात.

डांबरगोळ्यांबाबत एक गोष्ट आवर्जून. काही जणांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य कमी असते आणि आदिवासी भागात असे लोक आढळतात. त्यांच्यात डांबरगोळी पोटात गेल्यास लाल रक्तपेशी फुटून जीवावर बेतू शकते. लहान मुलाला ती गोळी पेपरमिंटसारखी दिसते.

पिंजरा चालेल, विष गाडीत नको

पिंजरा किंवा चाप भिंतीला लागून लावावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने चालतो. आमिष म्हणून सुकी मासोळी, भजे, शेंगदाणा चालतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पिंजरा न लावता नुसते खाणे ठेवावे. चिकट पट्टी टाळलेली बरी. तिच्यावर पाल, चिचुंद्री, कधी सापही अडकतो आणि काढायला जाणारा अडचणीत येतो.

विष खाल्लेला उंदीर गाडीच्या आडोशाला जाऊन मरतो आणि महिनाभर वास येतो, हा त्रास लहान आहे. मोठा धोका माणसांना आणि जनावरांना. झिंक फॉस्फाइड, म्हणजे उंदीर मारायची काळी पावडर, पोटात गेल्यावर विषारी वायू तयार करते आणि तिच्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठत नाही. तिला व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण उपचार वेळेत हवेत. असा उंदीर खाऊन मांजर, कुत्रा आणि फुकटात उंदीर खाणारे घुबडही दगावू शकते. धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या गाडीत किंवा झोपायच्या खोलीजवळ कधीच ठेवू नयेत, त्यांचा वायू झोपेत माणूस मारतो. कुणाच्या पोटात विष गेलेच तर पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. घरगुती उतारा करत बसू नये. शेतातल्या उंदरांसाठी विषाचे प्रमाण सिंदेवाही किंवा सोनापूर (गडचिरोली) येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते.

घरटे सापडले तर

उंदराच्या मागे साप येतो. नाग, घोणस, धामण तिघांचेही ते खाणे आहे. म्हणून बरेच दिवस उभ्या गाडीची ताडपत्री काठीने ओढावी, बोनेट उघडल्यावर आधी टॉर्च मारावा, हात नंतर. साप दिसला तर मारायला जाऊ नये, वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावा झालाच तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात. बोनेटवर दोन थापाही माराव्यात, आत निजलेली घरची मांजर तेवढ्यात बाहेर पडते.

घरटे कोरडे झाडू नये. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याच्या अंगावर वाढणाऱ्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो, २०१८ मध्ये विदर्भात त्याची मोठी साथ येऊन गेली. दारे उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी. हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे. घरटे ब्लीचिंगच्या पाण्याने ओले करून पाच-दहा मिनिटांनी उचलावे आणि पुरावे. वायरीवर पाणी ओतू नये, ओल्या फडक्याने पुसावे. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना "उंदराचं घरटं काढलं होतं" हे सांगावे. त्यांनी विचारायची वाट पाहू नये.

वायर कुरतडलेली दिसली तर नुसती चिकटपट्टी गुंडाळून सेल मारू नये. ब्रेक आणि डिझेलचे पाइपही पाहून घ्यावेत. विम्याचे म्हणाल तर थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर उंदराने केलेले नुकसान त्यात धरले आहे का, हे एजंटकडून पॉलिसीच्या कागदावर दाखवून घ्यावे आणि दुरुस्तीआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत.

ही तपासणी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात केली तर मिस्त्री मोकळा असतो आणि तालुक्याला जाऊन सुटा भाग आणायला वेळही मिळतो.