एक जाळे, अनेक राउटर
प्रस्तावना

बुऱ्हाणपुरातल्या कामाचा पसारा सहसा एका खोलीत मावत नाही. रस्त्याकडे तोंड केलेले ऑफिस, मागे पावरलूमची लांबलचक पत्र्याची शेड, वर कापडाच्या ताग्यांचे गोदाम, आणि जुनी इमारत असेल तर मधे जाडजूड भिंती. एक राउटर पुरत नाही म्हणून दुसरा येतो, मग तिसरा. त्यानंतर नवीच तक्रार सुरू होते. कोपऱ्याकोपऱ्यात सिग्नल भरपूर, पण ताग्यांचे बारकोड वाचत निघालेला माणूस जिन्यात पोहोचला की स्कॅनर थांबतो आणि इंटरनेटवरून चाललेले बोलणे तुटते. प्रस्तुत पुस्तक या तक्रारीपासून सुरू होते. सिग्नल पोहोचवणे हा एक प्रश्न. चालत्या माणसाला एका राउटरकडून दुसऱ्याकडे न अडखळता जाऊ देणे हा दुसरा. पहिला बराचसा पैशाने सुटतो. दुसऱ्याला समज लागते.

त्या प्रश्नाचे चित्र डोळ्यांसमोर आणायला बुऱ्हाणपूरकराला लांब जायला नको. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, इथे कुंडी भंडारा उभा राहिला. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात घेऊन शहराकडे आणले आणि भुयारावर थोड्याथोड्या अंतराने कुंड्या ठेवल्या. वरून पाहणाऱ्याला त्या सुट्या विहिरी वाटतात. खाली प्रवाह एकच असतो. आणि पोहरा कोणत्या कुंडीत सोडायचा हे पाणी ठरवत नाही, ओढणारा ठरवतो. या दोन गोष्टी ध्यानात राहिल्या तर विषयाचा गाभा हाती आला म्हणायला हरकत नाही.

पहिली गोष्ट, खालचा प्रवाह एक असणे. बाजारातून आणलेला प्रत्येक राउटर स्वतःला घरचा कर्ता समजतो: आपले वेगळे जाळे उभारतो, आपल्या हिशेबाने आयपी पत्ते वाटतो. असे तीन कर्ते एका छताखाली आले की फोनचा पत्ता दर वळणावर बदलतो आणि चालू काम तुटते. म्हणून पत्ते वाटण्याचे काम एकाकडेच ठेवायचे. बाकीच्यांची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सेवा, बंद करायची, त्यांना एकमेकांशी न भिडणारे स्थिर पत्ते द्यायचे, मुख्य राउटरची केबल त्यांच्या लॅन पोर्टमध्ये लावायची आणि त्यांना निव्वळ अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पुरवणारी ठिकाणे, करून टाकायचे. सगळीकडे वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तंतोतंत एकच हवा. तांब्याच्या इथरनेट केबलची सलग मर्यादा १०० मीटर आहे; बहुतेक कारखान्यांना ती पुरते. केबल टाळून रिपीटर लावला आणि तो एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुढे बोलू लागला, तर वेग साधारण निम्म्यावर येतो.

दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे, आणि गैरसमज तिथेच जास्त आहेत. मोबाइलच्या जाळ्यात चालू कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे द्यायचा निर्णय जाळे घेते. वायफायमध्ये तो फोन घेतो. आयट्रिपलई या संस्थेने ८०२.११ हे मानक १९९७ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही रचना कायम आहे. अ‍ॅक्सेस पॉइंटांनी आपसांत कसे बोलावे याची शिफारस २००३ साली ८०२.११ एफ या नावाने आली. ती रुजली नाही आणि २००६ साली मागे घेतली गेली. पुढची वाट वेगळी निघाली: निर्णय फोनचाच राहू द्यायचा, पण त्याला माहिती आणि सोय पुरवायची. २००८ सालच्या ‘के’ दुरुस्तीने शेजारी कोण आहेत हे फोनला कळू लागले. त्याच वर्षीच्या ‘आर’ने नव्या ठिकाणची ओळखतपासणी आटोपशीर केली. २०११ सालच्या ‘व्ही’मुळे जाळ्याला ‘तिकडे जा’ असे सुचवता आले. सुचवता आले, हुकूम नव्हे. शिवाय जुनी उपकरणे ‘आर’ चालू असलेल्या जाळ्याला कधी कधी जोडलीच जात नाहीत, तेव्हा ते बटण दाबण्याआधी आपल्याकडची उपकरणे तपासलेली बरी.

फोन निर्णय घेतो तो कशावरून? आयफोनबद्दल अ‍ॅपलनेच सांगून ठेवले आहे: सिग्नलची ताकद उणे ७० डीबीएमच्या खाली गेली की तो शोध सुरू करतो, आणि काम चालू असताना नवा अ‍ॅक्सेस पॉइंट निदान ८ डीबीने सरस असल्याशिवाय हलत नाही. यावरून निघणारा धडा व्यवहारी समजुतीच्या उलटा आहे. राउटरची ताकद शिगेला नेली तर गोदामात पोहोचलेल्या माणसाचा फोनही ऑफिसातल्या राउटरला चिकटून राहतो, कारण सोडावा इतका तो सिग्नल वाईट होतच नाही. ताकद बेताची ठेवली की फोन वेळेवर हात सोडतो. पण बेताची म्हणजे तुटपुंजी नव्हे: बोलण्यासाठी वापरायच्या जाळ्यात साधारण उणे ६७ डीबीएमपर्यंतची कक्षा धरतात आणि शेजारच्या कक्षा थोड्या एकमेकींवर येऊ देतात.

उरते हवेची वाटणी. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. पहिला भिंती बऱ्या भेदतो, पण तिथे एकमेकांना न छेदणारी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. शेजारी अ‍ॅक्सेस पॉइंटांना यांतली वेगवेगळी चॅनेल द्यावीत. दुसऱ्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे, पण जाड भिंत त्याला लवकर थकवते. मागांच्या लोखंडावरून आणि पत्र्यावरून लहरी परावर्तित होतात, त्यामुळे मोकळ्या मैदानाचे गणित शेडमध्ये जसेच्या तसे उतरत नाही. प्रत्यक्ष मोजावेच लागते.

म्हणूनच पुस्तकाचा क्रम असा ठेवला आहे: आधी जागा, मग केबल, मग चॅनेल आणि ताकद, आणि सर्वांत शेवटी राउटरची निवड. खरेदी आधी आणि विचार नंतर, या रूढ क्रमाने बहुतेक जाळी बिघडतात. वाचकाला अभियांत्रिकीची पदवी नको. लघुगणक विसरला असला तरी चालेल, ३ डीबी म्हणजे दुप्पट आणि १० डीबी म्हणजे दहापट एवढे पुरे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या कारखान्याचा नकाशा एका कागदावर काढा. भिंती, जिने, माग आणि माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटा त्यावर दाखवा. अ‍ॅक्सेस पॉइंट कुठे लावायचे याचे उत्तर त्या वाटांवरून निघते, आणि ते कसे काढायचे हेच पुढची प्रकरणे सांगतात.