गोड सुपारीचा खटला

१४ जुलै २०२३, शुक्रवार. दुपारचे तीन वाजले असतील. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात फ्रिजमधून डाएट कोलाचा कॅन काढला आणि तेवढ्यात आईचा मेसेज आला : 'ते बिनसाखरेचं पिणं आजपासून बंद. डब्ल्यूएचओने सांगितलंय, त्याने कॅन्सर होतो.' खाली बातमीची लिंक. एरवी अशा मेसेजवर मी अंगठा टाकून मोकळा होतो. पण आमच्या घरात हा शब्द कुणी उगाच वापरत नाही.

कारण आजोबा. ते श्रीवर्धनकडचे. आज आमचं ऑफिस एका जुन्या मिलच्या आवारात आहे. तिथून दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका मिलमध्ये ते साच्यांवर काम करायचे. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून सुपारी सुरू झाली. १९८२च्या संपात मिल गेली, सुपारी राहिली. गावाहून आलेली रोठा सुपारी ते अडकित्त्याने कातरून खायचे. पुढे हात थरथरायला लागले, तेव्हा नाक्यावरच्या टपरीवरची गोड, सुगंधी पुडी आली. तंबाखूला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही, आणि हे ते अभिमानाने सांगायचे. शेवटच्या वर्षांत त्यांचं तोंड नीट उघडेना. वडापाव कुस्करून, बोटाने आत सारून खायचे. मग गालाच्या आत गाठ आली. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले.

त्यामुळे आईच्या मेसेजला हसणं मला जमलं नाही. कॅन तसाच ठेवून मी बातमी उघडली.

त्या दिवशी खरं तर दोन निकाल एकदम लागले होते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या डब्ल्यूएचओच्या आयएआरसी या संस्थेने अ‍ॅस्पार्टेम २-बी गटात टाकलं. म्हणजे 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित'. आणि अन्नात मिसळायच्या पदार्थांची तपासणी करणाऱ्या जेक्फा या तज्ज्ञ समितीने १९८१ साली ठरवलेली मर्यादा तशीच ठेवली : शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम.

हे परस्परविरोधी वाटतं, पण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. कोडमध्ये बग आहे का, हा एक प्रश्न. खऱ्या वापरात तो कुणाला कधी लागेल का, हा दुसरा. आयएआरसी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि तिचे गट धोका किती मोठा हे सांगत नाहीत. पुरावा किती पक्का एवढंच सांगतात. जेक्फा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. बातमीच्या मथळ्यात पहिलंच उत्तर मावतं.

हा ४० आकडा येतो कुठून? प्राण्यांना तो पदार्थ वाढत्या प्रमाणात, त्यांच्या आयुष्यातला बराच काळ, कधी दोन पिढ्या खायला घालतात. ज्या सर्वात मोठ्या मात्रेला काहीच अपाय दिसत नाही, ती धरतात. अ‍ॅस्पार्टेमसाठी ती किलोमागे ४,००० मिलिग्रॅम होती. मग तिला १०ने भागायचं, कारण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. पुन्हा १०ने भागायचं, कारण सगळी माणसं सारखी नसतात. कुणी म्हातारं, कुणी आजारी, कुणी लहान. उरले ४०. शंभराने भागण्याची ही पद्धत १९५४ पासून चालत आली आहे. त्यात गूढ काही नाही. पूल बांधताना अंदाजापेक्षा जास्त वजन धरतात, तसंच.

पुढचा हिशेब मी त्याच कॅनच्या बाजूवर पेनाने केला. माझं वजन ६० किलो, म्हणजे मर्यादा रोज २,४०० मिलिग्रॅम. आपल्या एफएसएसएआयच्या २०११च्या नियमांत शीतपेयात अ‍ॅस्पार्टेम जास्तीत जास्त ७०० पीपीएम, म्हणजे ३०० मिलीच्या कॅनमध्ये फार तर २१० मिलिग्रॅम. रोज अकरा कॅन, तेही आयुष्यभर, एवढं मला चालतं. पण १५ किलोच्या पोराला मर्यादा ६००चीच. तिसऱ्या कॅनला ते ती ओलांडतं. 'सुरक्षित' हा शब्द असा कुणासाठी आणि किती हे विचारल्याशिवाय पुराच होत नाही.

इथपर्यंत वाचून मी आईला छानसं उत्तर लिहिणार होतो. पण कृत्रिम गोडीचा भारतातला इतिहास शोधताना सर्वोच्च न्यायालयाचा १९७३चा एक निकाल हाती लागला. मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेलं अपील. आरोपी सुगंधी सुपारीचा व्यापारी. गुन्हा : सुपारीत सॅकरिन आणि सायक्लामेट मिसळणं.

सुपारी! मी खुर्चीत सावरून बसलो.

आधी या दोन गोड्यांची ओळख. सॅकरिन १८७९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडलं. कॉन्स्टन्टिन फालबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ हात न धुता जेवायला बसला आणि त्याला पाव गोड लागला. सायक्लामेट १९३७ साली इलिनॉयमध्ये मायकेल स्वेडाला सापडलं, बोटांतली सिगारेट गोड लागली म्हणून. सॅकरिन साखरेच्या काहीशे पट गोड, पण मागे कडवट चव ठेवणारं. सायक्लामेट त्याच्या सोबत घातलं की कडवटपणा झाकला जातो. दहा भाग सायक्लामेट आणि एक भाग सॅकरिन, हे मिश्रण जगभर चाललं. साखर महाग आणि ही पूड स्वस्त. स्वस्तात माल गोड करायचा, तर व्यापाऱ्याला आणखी काय हवं?

१९६९ साली हेच मिश्रण खाल्लेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. अमेरिकेत १९५८ पासून डिलेनी कलम होतं : जो मिश्रणपदार्थ माणसात किंवा जनावरात कर्करोग घडवतो असं दिसेल, तो अन्नात चालणार नाही, मात्रेचा प्रश्नच नाही. अमेरिकेने सायक्लामेटवर बंदी घातली. आपल्याकडे १९५४चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता आणि त्याखालच्या नियमांचं म्हणणं सरळ होतं : ज्या पदार्थाच्या मानकात परवानगी नाही, त्यात कृत्रिम गोडी घालायची नाही. सुपारीला तशी परवानगी नव्हती.

व्यापाऱ्याच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले, ते आजही कुणी मांडेल असेच आहेत. एक, सुपारी हे अन्नच नव्हे, मग अन्नाचा कायदा तिला कसा? दोन, वाईट हेतू नव्हता. तीन, सायक्लामेट घातक आहे यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. निकालपत्र न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचं. त्यांनी तिन्ही मुद्दे फेटाळले. माणूस जे खातो ते अन्न, आणि सुपारी खाल्ली जाते. लोकांच्या आरोग्याच्या कायद्यात विकणाऱ्याचा हेतू शोधत बसायचं नसतं. आणि तज्ज्ञ समितीशी सल्लामसलत करून सरकारने नियम केला असेल, तर वैज्ञानिकांच्या वादात न्यायालय स्वतः निवाडा देणार नाही. शिक्षा कायम झाली.

यातला तिसरा मुद्दा मला सर्वात जास्त पटला, आणि सर्वात जास्त खटकलाही. पटला, कारण दुसरा मार्ग काय? शंका मिटेपर्यंत विकू द्यायचं, तर प्रयोगातले उंदीर आपणच. खटकला, कारण पुढे विज्ञानच फिरलं. १९७७ साली कॅनडातल्या प्रयोगात सॅकरिननेही नर उंदरांना मूत्राशयाच्या गाठी झाल्या. अमेरिकेने बंदी आणायचं ठरवलं, लोक खवळले, संसदेने बंदी रोखून पुडीवर इशारा छापायला लावला. मग वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून कळलं की नर उंदराच्या लघवीतच तशी खोड आहे : प्रथिनं जास्त, त्यात सॅकरिनची प्रचंड मात्रा, त्याचे खडे बनतात आणि ते मूत्राशयाला आतून घासतात. माणसात हे घडत नाही. २००० साली तो इशारा काढला. सायक्लामेटलाही जेक्फाने १९८२ मध्ये रोजची मर्यादा ठरवून दिली. युरोपात ते चालतं, अमेरिकेत अजूनही नाही.

आणि आपल्याकडे? २०११च्या नियमांत सुपारीत सॅकरिन चालतं, ४,००० पीपीएमपर्यंत. १९७३ साली जे सुपारीत घालणं गुन्हा होता, ते आता तक्त्यातली एक ओळ आहे. याला कुणी पलटी म्हणेल. मला ते तसं वाटत नाही. पुरावा बदलला की आकडा बदलायलाच हवा. न बदलणारा नियामक जास्त घातक.

मग मी तो हिशेब केला, जो खरं तर करायला नको होता. सॅकरिनची जेक्फाने १९९३ मध्ये ठरवलेली मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम. आजोबा ६० किलोचे धरले, तर रोज ३०० मिलिग्रॅम. एक ग्रॅम सुपारीत जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम. म्हणजे रोज ७५ ग्रॅम सुपारी खाल्ली तरच मर्यादा गाठली जाते. ते दिवसाला चारपाच पुड्या खायचे. फार तर वीस ग्रॅम. सॅकरिनच्या हिशेबात आजोबा पूर्ण सुरक्षित होते.

पुडीतल्या दुसऱ्या पदार्थाची, म्हणजे सुपारीची, मर्यादा मी शोधली. किलोमागे किती मिलिग्रॅम? असा आकडाच नाही.

तोंड उघडेनासं होण्याच्या त्या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी दिलं, आणि ते मुंबईचेच कान-नाक-घशाचे डॉक्टर. खटल्याच्या वीस वर्षं आधी. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल तर १९४१ पासून उभं आहे, आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी पुरावा गोळा व्हायला वेळ लागला. १९८५ साली आयएआरसीने तंबाखूचं पान कर्करोगकारक ठरवलं, पण बिनतंबाखूच्या पानाबद्दल पुरावा अपुरा म्हणून सोडून दिलं. नुसती सुपारी पहिल्या गटात गेली २००४च्या अहवालात. पहिला गट म्हणजे 'माणसात कर्करोग घडवते', बस. २-बी नाही, शक्यता नाही.

सुपारी अन्न आहे हे १९७३ साली ठरलं, आणि खटला चालला तिच्यातल्या गोडीवर. न्यायालयाला दोष देता येत नाही. समोर जो आरोप होता त्यावरच निकाल दिला. खरी गोष्ट कायद्याच्या बांधणीत आहे. नवा मिश्रणपदार्थ यायचा तर त्याने आधी स्वतःला सिद्ध करायचं. जुना पदार्थ मात्र आधीपासून ताटात असतो. तो वाईट आहे हे दुसऱ्या कुणीतरी सिद्ध करायचं. आमच्या टीममध्ये नव्या कोडच्या दहा ओळींवर चार जण तुटून पडतात आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या फाइलला कुणी हात लावत नाही, कारण 'ती चालतेय ना'. यामागे कारणंही असतात. पिढ्यान् पिढ्या खाल्लेल्या गोष्टीला काहीतरी विश्वास द्यावा लागतो. श्रीवर्धनच्या वाड्या सुपारीवर उभ्या आहेत, आमची छोटीशी वाडीही. पूजेत सुपारीचाच गणपती होतो. लग्न ठरलं की सुपारी फुटते. अशा वस्तूला प्रयोगशाळेत कोण नेणार?

तरी त्या जुन्या निकालाचा धागा वाया गेला नाही. महाराष्ट्राने २००२ साली गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी आणली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. राज्याच्या अधिकाऱ्याला असा अधिकार नाही म्हणून. पण त्याच निकालात सुपारी, पानमसाला, गुटखा हे सगळं अन्नच, हे पुन्हा ठासून सांगितलं. नवा अन्नसुरक्षा कायदा आल्यावर, जुलै २०१२ मध्ये, राज्याने त्याच आधारावर पुन्हा बंदी घातली आणि पुढच्या आदेशांत सुगंधी सुपारीही ओढली. सुपारीच्या पुडीवर ती चघळणं आरोग्याला घातक आहे हे छापणंही नियमाने आलं. आजोबांच्या पुडीवरही ते असणार. ते चष्मा लावून पुडी वाचणाऱ्यांतले नव्हते, आणि आम्हीही कुणी वाचली नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. अकरा कॅनचं गणित सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे एक प्यायलास तर चालेल?" मी म्हटलं, "चालेल." मग सॅकरिनचा हिशेबही सांगून टाकला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता.

"म्हणजे गोडीने नाही झालं," ती शेवटी म्हणाली. "मी इतकी वर्षं समजत होते, त्या पुडीतल्या रंगा-गोडीनेच झालं. साधी सुपारी, गावची, खाल्ली असती तर वाचले असते."

मी नाही म्हटलं. गावची सुपारीही तीच सुपारी.

त्या वर्षी गणपतीला गावाहून नेहमीसारखी सुपारी आली. आईने पूजेपुरत्या पाच काढून घेतल्या. बाकीच्यांचं काय करायचं हे तिने मला विचारलं नाही, आणि मी ऑफिसला गेलो तेव्हा पिशवी दारामागे तशीच होती.