धम्ममहामात्र आणि हजेरीचे पुस्तक : बारामती–इंदापूर परिसरातील बंधमुक्तांचा प्रश्न

सम्राट अशोकाच्या पाचव्या शिलालेखाकडे धम्मप्रसाराचा एक पुरावा म्हणूनच पाहण्याची सवय आपल्या लेखकांना लागली आहे. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर सम्राटाने धम्ममहामात्र हे नवे अधिकारी नेमले, असे अधिकारी पूर्वी कधी नव्हते, एवढे सांगून बहुतेक लेख पुढे सरकतात. परंतु गिरनार, कालसी, धौली येथे कोरलेल्या त्याच लेखात या अधिकाऱ्यांच्या कामांची जी यादी आहे, तीत बंधनात पडलेल्यांचे काम स्पष्टपणे नोंदलेले आहे. बंदिवानास साहाय्य करावे, त्याचा जाच दूर करावा, त्याची मुक्तता घडवावी. आणि तसे करताना त्याच्यामागे मुलेबाळे आहेत काय, तो वृद्ध आहे काय, हे पाहावे. या ओळीतील एका शब्दाविषयी विद्वानांत मतभेद आहेत; कोणी त्याचा अर्थ 'दुसऱ्याच्या चिथावणीस बळी पडलेला' असा करतात, कोणी 'आपत्तीत सापडलेला' असा करतात. अर्थ कोणताही घेतला तरी मुद्दा तोच राहतो. राजाज्ञा कैद्यांच्या जमावाविषयी बोलत नाही. एकेका कैद्याचे घरदार पाहण्यास सांगते.

स्तंभलेखांपैकी पाचव्या लेखात अशोक म्हणतो की, अभिषेकानंतरच्या सव्वीस वर्षांत त्याने पंचवीस वेळा बंदिमोचन केले. तुरुंगाचे दार उघडणे ही राजाची कृपा होती, आणि ती पुढेही अनेक राजांनी केली. दाराबाहेर आलेल्या माणसाचा विचार करणारा अधिकारी नेमणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. आजच्या समाजकार्याच्या परिभाषेत ज्याला व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात, म्हणजे एका कार्यकर्त्याने एका माणसाची सर्व बाजूंनी जबाबदारी घेऊन तो पायावर उभा राहीपर्यंत त्याच्यासोबत राहणे, त्याचे मूळ आम्हांस या ओळीत दिसते.

या विचारामागील तत्त्व अशोकाचे नव्हे, तथागतांचे आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सांगतो की, वध, बंधन व हद्दपारी यांनी चोरांचा उपद्रव संपणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी व चारा, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे. मज्झिमनिकायातील अंगुलिमालाची कथा सर्वांस परिचित आहे. तिचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. अंगुलिमाल भिक्खू झाला, राजा पसेनदीने त्याला चीवर व भोजन देऊ केले, म्हणजे राज्याने त्याला क्षमा केली. परंतु गावाने केली नाही. भिक्षेला गेलेला तो स्थविर डोके फुटून, पात्र मोडून, रक्तबंबाळ होऊन परत येई. राज्याची क्षमा आणि गावाची क्षमा यांतील हे अंतरच आमच्या विषयाचे मर्म आहे.

विनयपिटकातील महावग्ग या बाबतीत अधिक कठोर आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. लोकांनी तक्रार केल्यावर नामांकित चोरास, तुरुंग फोडून आलेल्यास, राजाच्या यादीत नाव लिहिलेल्यास, फटक्यांची शिक्षा झालेल्यास व डाग दिलेल्यास प्रव्रज्या देऊ नये असे नियम झाले. संघ हे शिक्षा चुकविण्याचे ठिकाण होऊ नये, ही त्यामागील गरज समजण्यासारखी आहे. परंतु हे नियम प्रव्रज्येपुरते आहेत. उपासकासाठी असा कोणताही अडसर नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेला एक स्वतंत्र भाग दिला, तो याच अर्थाने लक्षणीय आहे.

आता आपण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांकडे येऊ. बारामती व इंदापूर ही नावे आज ऊस, साखर कारखाने व द्राक्षबागा यांच्यामुळे घेतली जातात. १८८५ साली नीरा डाव्या कालव्याचे पाणी येण्यापूर्वी हा मुलूख अवर्षणाचा, गवताळ माळांचा होता. कालव्याखालच्या जमिनी बागायती झाल्या; वरचे माळ तसेच राहिले. या माळांवर फासे लावून तित्तिर, लावे व हरणे धरणारा फासेपारधी समाज वावरत असे. त्याच्या धंद्याचा अंत दोन टप्प्यांनी झाला. माळ नांगराखाली गेले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला. बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. तेथे चिंकारा सुरक्षित झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. चिंकाऱ्यावर जगणाऱ्या माणसाची व्यवस्था मात्र कोणी केली नाही.

त्यापूर्वीच त्याच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली विस्तारून मुंबई इलाख्यासही लागू झाला व १९२४ साली त्याला एकत्रित रूप मिळाले. नोंद झालेल्या माणसाने ठरावीक वेळी हजेरी द्यावी, परवानगीवाचून गाव सोडू नये, आणि सरकारने ठरविल्यास तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहावे, असा हा कायदा होता. सोलापूरची वसाहत त्यांपैकी मोठी. तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात आणि सायंकाळी कुंपणात परतत. गुन्हा कोणता, हा प्रश्न तेथे नव्हता. जन्म हाच गुन्हा होता. म्हणून सुटकेची तारीखही नव्हती.

या वसाहतींचा कारभार पाहणारे आय.सी.एस. अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे नाव आंबेडकरी वाचकांस अपरिचित नसावे. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष स्टार्ट होते, आणि सभासदांत बाबासाहेब, डॉ. पु. गो. सोळंकी व ठक्करबाप्पा होते. १९३० च्या अहवालानंतर मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला, आणि तो अधिकारी स्टार्ट हेच झाले. म्हणजे आजच्या समाजकल्याण खात्याच्या पूर्वजाचे एक बोट वसाहतीच्या हजेरीपुस्तकात होते. हे वाचून कोणी लगेच स्टार्ट यांना खलनायक ठरवू नये. शाळा, सहकारी पतपेढी, घरे यांसाठी त्यांनी श्रम घेतले. पण पाळत आणि पालकत्व एकाच हाती असले की पाळतच वरचढ ठरते, हे वसाहतींच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

मुंबई प्रांताने १९४९ साली हा कायदा रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला. कुंपण गेले, व्यवस्थापक गेला, हजेरी गेली. राहिला तो पोलीस, आणि १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने त्याच्या हाती दुसरी वही दिली. अशोकाच्या भाषेत बोलायचे तर बंदिमोचन झाले. धम्ममहामात्र नेमला गेला नाही.

याची किंमत बारामतीने पाहिली आहे. ८ जून १९९८ रोजी पिन्या हरी काळे हा पारधी तरुण येथे पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला. महाश्वेता देवी, गणेश देवी व लक्ष्मण गायकवाड यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी स्थापन झालेल्या विमुक्त व भटक्यांच्या हक्क कृती गटाने हे प्रकरण लावून धरले. कायदा रद्द होऊन शेहेचाळीस वर्षे झाली होती. चोरी झाली की प्रथम पारध्याचे पाल शोधावयाचे, ही रीत कायद्याच्या आधारावाचूनही टिकून होती.

येथे आपल्याकडेही पाहिले पाहिजे. १९५८ च्या कायद्याने वतने जाईपर्यंत चोरांचा माग काढणे, संशयितावर नजर ठेवणे, अंमलदारासोबत धावणे ही कामे महारांकडून वतनापोटी करून घेतली जात. ती गुलामी होती. परंतु तिच्यामुळे पारध्याकडे पाहण्याची गावाची नजर आपल्याही डोळ्यांत उतरली. २७ मे २००७ रोजी मुंबईत लक्ष्मण माने यांच्यासमवेत भटक्या-विमुक्तांनी मोठ्या संख्येने धम्मदीक्षा घेतली. फलटण तालुक्यात, म्हणजे नीरेच्या पलीकडच्या काठाला जन्मलेल्या या 'उपरा'कारांनी जे केले, त्यानंतर विमुक्तांचा प्रश्न परका मानण्याची सबब उरत नाही.

कायद्याने काहीच केले नाही असेही नाही. मुंबई प्रांताने १९३८ साली परिविक्षेचा कायदा केला; १९५८ साली केंद्राचा आला. १९५४ साली म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली अनुरक्षणाचा, म्हणजे सुटकेनंतरच्या सांभाळाचा, विचार करणारी समिती नेमली गेली. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत उभारली. पण परिविक्षा व अनुरक्षण संघटनांचा व्याप मुख्यतः मुलांच्या निरीक्षणगृहांभोवती राहिला. प्रौढ कैदी फाटकाबाहेर एकटाच राहिला. ही उणीव ओळखून टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ता तुरुंगात आरोपीस भेटतो, त्याच्या घरी जातो, वकील मिळवून देतो, सुटल्यावर निवारा व काम शोधतो.

बारामती-इंदापुरात हे काम कसे दिसेल? शिक्षा झालेला माणूस येरवड्याला जातो. बारामतीपासून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरपासून त्याहून अधिक. मजुरी बुडवून भेटीला जाणे कुटुंबास परवडत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत नाते विरते. तेव्हा कार्यकर्त्याचे काम सुटकेच्या दिवशी नव्हे, कैदेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. पाल हलले तर कुठे हलले, मुले आश्रमशाळेत आहेत की उसाच्या फडावर, शिधापत्रिकेवरून नाव गेले काय, जामीनदार कोण होईल, हे त्याने वहीत लिहून ठेवावयाचे. सुटल्यानंतर पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत जावयाचे, जेणेकरून पुढच्या चोरीच्या रात्री तो कोठे होता हे सांगणारा एक सुशिक्षित माणूस असेल. भावनेपेक्षा येथे कागदाचे महत्त्व अधिक आहे.

आणि कागदातच सर्वांत विलक्षण अडचण आहे. फासेपारधी अनुसूचित जमातींत मोडतात. जातीचा दाखला मिळण्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. विमुक्त जातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. ज्याला जमीन नव्हती, ज्याचा बाप शाळेत गेला नाही, त्याने तो कोठून आणावा? त्या काळात त्याच्या आजोबाचे नाव, जात व गाव लिहून ठेवणारे एकच दप्तर होते, ते गुन्हेगार जमातींच्या नोंदीचे. ज्या वहीने त्याला डागले, तीच आज त्याला शिष्यवृत्ती व घरकुल मिळवून देऊ शकते. जुनी दप्तरे मोडी व इंग्रजी वाचून धुंडाळणारा कार्यकर्ता म्हणूनच या कामी इतिहासाचाही अभ्यासक असावा लागतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना तुरुंग नियमांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले, आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवले. निर्णय मोलाचा आहे. पण तो अंमलदारास नियम सांगतो. सुटलेल्या माणसाच्या दारात कोण उभे राहील, हे सांगत नाही.

आपले शेकडो तरुण समाजकार्याची पदवी घेतात. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देत आहे. पदवीनंतर बहुतेकांची नजर स्पर्धा परीक्षांकडे वळते, आणि त्यांना दोष देता येत नाही; स्वयंसेवी संस्थांतील नेमणुका बहुधा प्रकल्पापुरत्या असतात, वेतन तुटपुंजे असते, आणि 'चोरांची बाजू घेणारा' हे बिरूद फुकट मिळते. या वृत्तीला स्थैर्य द्यावयाचे तर समाजानेच काही भार उचलावा लागेल. दोन तालुक्यांतील विहारांनी मिळून एका कार्यकर्त्याचे तीन वर्षांचे मानधन उभे करणे अशक्य नाही; जयंतीच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांवर याहून अधिक खर्च होतो. त्या कार्यकर्त्याला बारामतीच्या न्यायालयाजवळ एक खोली, एक कपाट आणि एसटीचा पास लागेल. पहिल्या वर्षी त्याने वीसाहून अधिक माणसे हाती घेऊ नयेत, असे आम्ही सुचवितो. एकविसाव्या माणसाचे घर पाहण्यास त्याला वेळ मिळणार नाही.