कार्ड कुणाच्या हातात जाणार?



बचत गटाचं व्हिजिटिंग कार्ड छापायचं ठरलं की पहिली चर्चा रंगाची होते. मग कुणी म्हणतं, इंग्रजीत छापू, भारी दिसतं. आम्ही म्हणतो, आधी थोडा इतिहास बघू.

सुमारे 300 वर्षांपूर्वी लंडनमध्ये घरांना नंबर नव्हते. दुकानाबाहेर चित्राची पाटी टांगलेली असे. दुकानदार तेच चित्र कार्डावर छापायचे आणि जवळची खूण लिहायचे. कार्ड हातात असलं की दुकान सापडायचं.

पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांचं कापड आपल्या देशात आलं. त्यावर देवांची, हत्तींची, वाघांची रंगीत चित्रं चिकटवलेली असत. घेणाऱ्याला इंग्रजी येत नाही, हे गिरणीवाल्यांना माहीत होतं. चित्र बघून लोक माल ओळखायचे. साहेबानं स्वतःची भाषा बाजूला ठेवली, कारण माल खपवायचा होता!

आपल्या भागानं याच्या उलटही पाहिलंय. निजामाच्या राज्यात घरात आणि शेतात मराठी, पण कचेरीची भाषा उर्दू. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूतून. ज्याला उर्दू येत नव्हती, त्याला स्वतःच्या नावाचा कागदही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं. हळूहळू कचेरीचा कागद मराठीत आला. आता आपणच आपल्या गिऱ्हाइकाला न वाचता येणारा कागद का द्यावा?

म्हणून आधी ठरवा, कार्ड कुणाला द्यायचं. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून भाविक येतात, त्यांच्यासाठी मागची बाजू हिंदीत किंवा गुरुमुखीत हवी. देगलूर-बिलोलीला लागून तेलंगणा आहे, तिथं तेलुगूच्या दोन ओळी कामाला येतील. उदगीरहून बीदरकडे माल जात असेल तर कन्नड. लातूरच्या आडत बाजारात द्यायचं असेल तर मराठीत मालाचं नाव आणि ठळक आकड्यांत मोबाईल नंबर पुरे.

आता मुख्य गोष्ट. त्यावर नंबर कुणाचा? पापड लाटायचे आपण आणि नंबर मालकांचा किंवा पोराचा, तर ऑर्डर त्यांच्याकडे जाते, भावही तेच ठरवतात. गटासाठी वेगळं सिम घ्या, फोन गटातल्या बाईनंच उचलावा. नाव अध्यक्ष-सचिव बाईंचं, त्यांना विचारूनच. घरचा खाजगी नंबर मात्र छापू नका, कार्ड कुणाच्याही हाती पडतं.

छापखान्यात जाण्याआधी कच्चा कागद गटातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या बाईला आणि एका गिऱ्हाइकाला दाखवा. आपण काय विकतो आणि फोन कुठं लावायचा, हे दोघांना न विचारता कळलं, की मगच छापायला द्या.